विश्लेषण : सुपरहिरो कधी खलनायक होतो? कॉमिक्समधील ‘चांगले-वाईट’ यांची रेषा पुसट कशी झाली?

मुखवटा घालून दुर्बलांना वाचवणारा तो नायक आणि जगाचा ताबा घेऊ पाहणारा तो खलनायक, अशी सुपरहिरो कॉमिक्सची साधी ओळख असते. मात्र, आज लोकप्रिय असलेल्या व्यक्तिरेखा पाहिल्या तर हे समीकरण टिकत नाही. गुन्हेगारांचे सर्रास खून करणारा ‘पनिशर’ स्वतःच्या नावाच्या मालिकेचा नायक आहे. छळछावणीतून वाचलेला ‘मॅग्नेटो’ खलनायक आहे. ‘जोकर’ची भूमिका करणाऱ्या दोन अभिनेत्यांना ऑस्कर मिळाले आहे. ही सरमिसळ नवी आहे का? ती कशामुळे झाली? आणि कॉमिक्समधील एका मारेकऱ्याचे चिन्ह खऱ्याखुऱ्या पोलिसांच्या गाड्यांवर दिसू लागले, तेव्हा काय घडले?

पहिला ‘सुपरमॅन’ खलनायक होता?

होय. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातले जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोन मित्र शाळेत असताना स्वतःचे विज्ञानकथांचे छोटे मासिक काढत. त्यात १९३३ मध्ये त्यांनी ‘सुपरमॅन’ नावाच्या पात्राची कथा छापली. हा सुपरमॅन टकला होता, त्याला इतरांचे मन वाचता येत असे आणि या शक्तीच्या जोरावर त्याला जगावर राज्य करायचे होते. पुढे दोघांनी ही कल्पना उलटी केली. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात आजचा सुपरमॅन अवतरला.

हा नायकही आजच्याइतका सभ्य नव्हता. पहिल्याच कथेत तो निरपराध महिलेची फाशी टाळण्यासाठी रात्री राज्यपालांच्या घराचे दार तोडून आत शिरतो. राजकारण्याला विकत घेऊ पाहणाऱ्या मध्यस्थाला उचलून विजेच्या तारांवर पळवतो. जानेवारी १९३९ च्या अंकात तर तो गरिबांची मोडकळीस आलेली वस्ती पाडून टाकतो, जेणेकरून सरकारला तेथे नवी घरे बांधावी लागतील. त्याला रोखण्यासाठी पोलीस आणि लष्करी दल धावून येते. म्हणजे जन्मापासूनच सुपरहिरो कायद्याच्या पलीकडे उभा होता. तो मंदीने पिचलेल्या लोकांच्या बाजूचा होता, इतकेच.

मे १९३९ मध्ये आलेल्या बॅटमॅनचेही तेच. पहिल्या कथेत त्याच्या ठोशाने गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो आणि बॅटमॅनला त्याचे काहीच वाटत नाही. १९४० मध्ये ‘बॅटमॅन’च्या पहिल्या स्वतंत्र अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. त्यानंतर संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी बॅटमॅनने बंदूक वापरायची नाही, कोणाचा जीव घ्यायचा नाही, असा दंडक घातला. आज बॅटमॅनची ओळख बनलेला ‘न मारण्याचा’ नियम असा संपादकाच्या टेबलावर तयार झाला.

मग नायक सोज्वळ कसे झाले?

दुसऱ्या महायुद्धाने नायकांना सरकारच्या बाजूला आणून उभे केले. ज्यू कुटुंबांतून आलेल्या जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या ‘कॅप्टन अमेरिका’ने मार्च १९४१ च्या पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावला होता. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. युद्ध संपल्यावर सुपरहिरोंचा खप घसरला आणि गुन्हेगारी व भयकथांच्या कॉमिक्सनी बाजार व्यापला.

त्यावर प्रतिक्रिया उमटलीच. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्दम यांनी १९५४ मध्ये ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक लिहून कॉमिक्समुळे मुले बिघडतात, असा आरोप केला. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली. सरकारी निर्बंध टाळण्यासाठी प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ ही आचारसंहिता स्वीकारली. वर्दम यांनी आपल्या पुस्तकात मुलांच्या नोंदी सोयीप्रमाणे बदलल्या आणि एकत्र केल्या होत्या, हे संशोधक कॅरोल टिली यांनी २०१२ मध्ये त्यांची मूळ कागदपत्रे तपासून दाखवले. तरीही वर्दम यांना या कहाणीतील खलनायक ठरवणे सोपे नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात त्यांनी गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्कात मानसोपचार केंद्र चालवले होते. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढाईतही त्यांची साक्ष उपयोगी पडली होती.

या आचारसंहितेत काय होते?

गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असे चित्रण करायचे नाही. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर निर्माण होईल असे काही दाखवायचे नाही. प्रत्येक कथेत चांगल्याचाच विजय झाला पाहिजे आणि गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. आचारसंहितेतील नियम साधारण असे होते.

हा कायदा नव्हता. पण मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का नसलेले अंक उचलायला वितरक तयार नसत. त्यामुळे नियम न पाळणे परवडणारे नव्हते. आपण जिला सुपरहिरो कथेची ‘मूळ’ मांडणी समजतो, म्हणजे पांढराशुभ्र नायक, काळाकुट्ट खलनायक आणि कधीच न चुकणारी व्यवस्था, ती मोठ्या प्रमाणात या नियमांची देणगी आहे. रेषा आधी ठळक होती आणि नंतर पुसट झाली, असे म्हणणे अर्धसत्य ठरते. ती मधल्या काळात ठळक करण्यात आली होती.

रेषा पुन्हा पुसट होण्यास सुरुवात कधी झाली?

साठच्या दशकात मार्व्हलने नियमांच्या चौकटीतच वेगळे नायक आणले. ऑगस्ट १९६२ मध्ये आलेला स्पायडरमॅन हा किशोरवयीन मुलगा आधी शक्तीचा वापर पैसे कमावण्यासाठी करतो आणि पळणाऱ्या चोराला अडवत नाही. तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. शहरातील वृत्तपत्राचा मालक जे. जोना जेमसन याच्या लेखी तर स्पायडरमॅनच समाजाला धोका असतो. १९६५ मध्ये हॉकआय, क्विकसिल्व्हर आणि स्कार्लेट विच ही तीन पात्रे ‘ॲव्हेंजर्स’मध्ये दाखल झाली. तिघेही आधी खलनायकांच्या गोटात होते.

आचारसंहितेला मोठा तडा गेला १९७१ मध्ये. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याच्या विनंतीवरून लेखक स्टॅन ली यांनी अमली पदार्थांच्या धोक्यावर स्पायडरमॅनची कथा लिहिली. पण आचारसंहितेनुसार मंजुरी देणाऱ्यांच्या लेखी अमली पदार्थांचा विषयच वर्ज्य होता. मार्व्हलने ते तीन अंक शिक्क्याविना छापले आणि ते खपले. त्याच वर्षी नियम सैल झाले. गुन्हेगाराकडे सहानुभूतीने पाहण्याला आणि भ्रष्ट अधिकारी दाखवण्याला, काही अटींवर का होईना, परवानगी मिळाली.

दोन वर्षांनी, जून १९७३ च्या अंकात स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरण पावली. खलनायक तिला पुलावरून फेकतो आणि स्पायडरमॅन तिला आपल्या जाळ्याने झेलतो. पण त्या झटक्यानेच तिची मान मोडते. नायकाच्या वाचवण्याच्या कृतीतूनच मृत्यू ओढवणे वाचकांसाठी धक्कादायक होते.

मॅग्नेटो खलनायक की पीडित?

खलनायकाचे रूप पालटण्याचे हे सर्वांत ठळक उदाहरण. सप्टेंबर १९६३ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात मॅग्नेटो हा जगावर सत्ता गाजवू पाहणारा साधा दुष्ट होता. लेखक क्रिस क्लेअरमॉन्ट यांनी १९८१ मध्ये त्याला भूतकाळ दिला. ज्यू असल्याने त्याचे बालपण नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत गेले होते. रागाच्या भरात आपण एका लहान मुलीचा जीव घ्यायला निघालो होतो, हे लक्षात येताच तो हादरतो आणि मागे हटतो, असा प्रसंग त्याच अंकात आहे.

त्यानंतर त्याचे म्हणणे वेडेपणाचे वाटेनासे झाले. ‘वेगळ्या’ लोकांना समाज कधी ना कधी छावणीत घालतोच, म्हणून आधी आपण सामर्थ्यवान व्हायला हवे, असे तो म्हणतो. प्रोफेसर झेवियर सहजीवनावर विश्वास ठेवतात. वाचकाला दोघांपैकी एकाला चूक ठरवणे अवघड जाते. डिसेंबर १९८५ च्या २०० व्या अंकात मॅग्नेटोवर पॅरिसमध्ये खटला चालतो आणि त्यानंतर झेवियर यांच्या शाळेची जबाबदारी तो सांभाळतो. त्याचे दुःख खरे आहे, म्हणून त्याने केलेली हिंसा माफ होते का, हा प्रश्न मात्र लेखकांनी खुलाच ठेवला. व्यक्तिरेखा इतकी वर्षे टिकण्याचे तेच कारण आहे.

१९८६ हे वर्ष इतके महत्त्वाचे का?

तोपर्यंत अमेरिकेत फक्त कॉमिक्स विकणारी दुकाने वाढली होती. तेथे शिक्क्याची गरज नव्हती आणि ग्राहक वयाने मोठा होता. शीतयुद्धामुळे अणुयुद्धाची भीतीही होती. अशा वातावरणात १९८६ मध्ये फ्रँक मिलर यांचे ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ आले आणि ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’ची सुरुवात झाली.

‘वॉचमेन’मधील रोर्शाक हे पात्र समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्पायडरमॅनचे सहनिर्माते स्टीव्ह डिटको यांनी १९६७ मध्ये ‘मिस्टर ए’ हा नायक तयार केला होता. त्याचे ओळखपत्र अर्धे पांढरे आणि अर्धे काळे असे. जगात करडा रंग नसतो, माणूस चांगला असतो किंवा वाईट, ही त्यामागची भूमिका. मूर यांनी हीच कल्पना टोकाला नेली. रोर्शाकच्या मुखवट्यावर काळे-पांढरे आकार सतत हलतात, पण एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. तडजोड न करणारा हा माणूस प्रत्यक्षात एकाकी, द्वेषाने भरलेला आणि क्रूर आहे.

दुसरीकडे, याच कथेतील सुसंस्कृत आणि बुद्धिमान ऑझिमँडियस अणुयुद्ध टाळण्यासाठी लाखो न्यूयॉर्ककरांचा बळी घेतो. त्याची योजना यशस्वी होते. सत्य सांगितले तर जग पुन्हा युद्धाकडे जाईल, लपवले तर इतक्या खुनांवर पांघरूण पडेल. एकटा रोर्शाक सत्य लपवण्यास नकार देतो आणि मारला जातो. नायक कोण, खलनायक कोण, याचे उत्तर पुस्तक देत नाही. अनेक वाचकांनी रोर्शाकला आदर्श मानले, याबद्दल मूर यांनी पुढे नाराजी व्यक्त केली. इशारा म्हणून रेखाटलेले पात्र वाचक अनुकरणासाठी उचलतात, हा अनुभव पुढेही येणार होता.

खलनायक मरत का नाहीत?

यात कथेइतकाच व्यवसायाचा भाग आहे. दर महिन्याला अंक काढायचा तर चांगला खलनायक संपवून चालत नाही. जोकर १९४० मध्ये पहिल्याच अंकाच्या अखेरीस मरणार होता. एल्सवर्थ यांनी शेवटी चित्र बदलायला लावले आणि तो वाचला. जोकर तुरुंगातून सुटतो, खून करतो, पकडला जातो आणि पुन्हा सुटतो, हे चक्र तेव्हापासून सुरू आहे.

एका मृत्यूला मात्र वाचकही जबाबदार आहेत. १९८८ मध्ये डीसी कॉमिक्सने बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जोकरच्या हल्ल्यातून वाचावा की मरावा, यावर दूरध्वनीद्वारे मतदान घेतले. मरावा म्हणणारी मते ५,३४३ आणि वाचावा म्हणणारी ५,२७१ पडली. अवघ्या ७२ मतांनी रॉबिन मेला. २००५ च्या सुमारास लेखक जड विनिक यांनी जेसनला ‘रेड हूड’ म्हणून परत आणले. त्याचा बॅटमॅनला एकच सवाल होता. मला मारणाऱ्या जोकरला तू अजून जिवंत का ठेवलेस? एकदा ती रेषा ओलांडली तर परतीचा रस्ता उरणार नाही, असे बॅटमॅनचे उत्तर असते. जोकरच्या पुढच्या प्रत्येक बळीचे काही ओझे बॅटमॅनवरही येते का, हे वाचकाने ठरवायचे.

व्यवसायाची हीच गरज खलनायकांना नायकांच्या जागीही बसवते. १९८७ च्या ‘सुइसाइड स्क्वॉड’ मालिकेत सरकार कैदी खलनायकांना शिक्षेत सवलत देऊन जीवघेण्या मोहिमांवर धाडते. १९९७ च्या ‘थंडरबोल्ट्स’च्या पहिल्या अंकाच्या शेवटी नवे नायक हे वेषांतर केलेले खलनायकच असल्याचे उघड होते. पुढे त्यांच्यातील काहींना लोकांचा आदर आवडू लागतो आणि ते खरोखरच बदलतात.

नायकच नायकांविरुद्ध का उभे राहिले?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत सुरक्षा मोठी की स्वातंत्र्य, हा वाद पेटला होता. त्याचे पडसाद मार्व्हलच्या २००६-०७ च्या ‘सिव्हिल वॉर’ मालिकेत उमटले. काही नवख्या नायकांच्या चुकीमुळे स्फोट होतो आणि शाळकरी मुलांसह सहाशेहून अधिक लोक मरतात. त्यानंतर प्रत्येक सुपरहिरोने सरकारकडे नोंदणी करावी, असा कायदा येतो. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, तर कॅप्टन अमेरिका विरोधात उभा राहतो.

दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे आहे. अमर्याद शक्ती असलेल्यांवर कोणाचा तरी अंकुश हवाच. पण आयर्न मॅन जुन्या सहकाऱ्यांना खटल्याविना तुरुंगात टाकतो आणि त्यांच्यावर खुनी खलनायक सोडतो. शेवटी कॅप्टन अमेरिका जिंकण्याच्या बेतात असताना सामान्य नागरिक त्याला अडवतात. आजूबाजूला उद्ध्वस्त झालेले शहर पाहून तो लढाई थांबवतो आणि स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन करतो.

पनिशरच्या कवटीचा वाद काय आहे?

फेब्रुवारी १९७४ च्या स्पायडरमॅनच्या अंकात पनिशर प्रथम आला, तो नायकाच्या जिवावर उठलेला प्रतिस्पर्धी म्हणून. लेखक गेरी कॉनवे यांनी घडवलेला हा फ्रँक कॅसल व्हिएतनाम युद्धातून परतलेला सैनिक. टोळीयुद्धात त्याचे कुटुंब मारले जाते आणि तो गुन्हेगारांना थेट ठार मारू लागतो. छातीवर मोठी पांढरी कवटी ही त्याची खूण. वाचकांना तो इतका आवडला, की नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या नावाने एकाच वेळी तीन मासिके निघत होती.

पुढे ही कवटी कॉमिक्सबाहेर पडली. इराकमधील काही अमेरिकी सैनिकांनी ती आपल्या वाहनांवर आणि गणवेशावर रंगवली. २०१७ मध्ये केंटकी राज्यातील एका छोट्या शहराच्या पोलिसांनी ती गाड्यांवर लावली आणि टीका झाल्यावर काढली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकी संसद भवनावर चालून गेलेल्या जमावातही काहींच्या अंगावर ती होती.

पनिशर हा न्यायव्यवस्थेच्या अपयशाचे प्रतीक आहे, त्यामुळे कायद्याच्या रक्षकांनी ते चिन्ह मिरवणे विसंगत आहे, अशी भूमिका कॉनवे यांनी जाहीरपणे मांडली. २०१९ च्या एका अंकात हा वाद थेट कथेत आला. त्यात दोन पोलीस पनिशरला भेटतात आणि आपण त्याचे चाहते असल्याचे सांगून गाडीवरचे कवटीचे स्टिकर दाखवतात. पनिशर ते फाडतो. तुम्ही कायदा पाळण्याची शपथ घेतली आहे, मी ती केव्हाच सोडली, आदर्श हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे पाहा, असे तो सुनावतो. २०२२ च्या नव्या मालिकेत मार्व्हलने त्याचे चिन्हच बदलले.

भारतीय कॉमिक्समध्ये असे नायक आहेत का?

मराठी वाचकांच्या एका पिढीला ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ ठाऊक आहे. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला हा नायकही गुन्हेगाराच्या जबड्यावर अंगठीने कवटीची खूण उमटवतो. मात्र तो जीव घेण्याचे टाळतो आणि त्याच्या कथांत चांगले-वाईट ओळखायला वेळ लागत नाही.

नव्वदच्या दशकात हिंदीतील राज कॉमिक्सने आणलेला ‘डोगा’ मात्र पनिशरच्या जातकुळीतला आहे. कचऱ्यात सापडलेले हे मूल डाकूने वाढवलेले असते. मोठेपणी कुत्र्याचा मुखवटा घालून तो मुंबईच्या रस्त्यांवर गुन्हेगारांना गोळ्या घालतो. त्या काळात या शहरात टोळीयुद्धे आणि पोलीस चकमकी रोजच्या बातम्यांचा भाग होत्या. ‘तारीख पे तारीख’ला कंटाळलेल्या वाचकाला डोगाचा झटपट निकाल सुखावणारा वाटणे स्वाभाविक होते.

मग नायक आणि खलनायक यांच्यात फरक तरी काय उरतो?

कॉमिक्स कोडचा शिक्का मार्व्हलने २००१ मध्ये सोडला आणि २०११ मध्ये डीसी व आर्ची या उरलेल्या प्रकाशकांनीही तो टाकून दिला. त्याची जागा प्रकाशकांच्या वयोगटानुसार श्रेणींनी घेतली. म्हणजे चांगले-वाईट ठरवण्याचे काम आता मुख्यतः वाचकाकडे आले आहे.

या गोष्टी एकत्र ठेवल्या, तर काही निकष बाद होतात. शक्ती आणि मुखवटा दोन्ही बाजूंना असतो. दुःखाने फरक पडत नाही. कुटुंब गमावलेला बॅटमॅन आहे आणि पनिशरही. चांगला हेतूही पुरेसा नाही, कारण ऑझिमँडियसला जगच वाचवायचे होते. उरतो एक प्रश्न. आपण चुकलो तर आपल्याला कोणीतरी थांबवू शकले पाहिजे, हे त्या पात्राला मान्य आहे का? सामान्य माणसांनी अडवल्यावर थांबणाऱ्या कॅप्टन अमेरिकाला ते मान्य आहे. ऑझिमँडियस मात्र इतरांना काही कळण्याआधीच निर्णय घेऊन मोकळा होतो. पनिशरही आरोपी, साक्ष, अपील यांपैकी कशासाठी थांबत नाही.

पूर्ण अंक वाचणाऱ्याला हा फरक सहसा दिसतो, कारण कथेत परिणामही दाखवलेले असतात. मोबाइलवर येणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या क्लिपमध्ये, जोकरच्या तोंडच्या एका वाक्यात किंवा बाइकवरच्या कवटीच्या स्टिकरमध्ये ते गळून पडतात आणि उरतो फक्त रुबाब. गुंतागुंतीची पात्रे असणे ही या माध्यमाची प्रगती आहे. पण त्यातले चिन्ह बंदूक आणि अधिकार असलेल्या माणसाने छातीवर लावले, की समोरच्या नागरिकासाठी ती करमणूक राहत नाही. कॉमिक्समध्ये निरपराध कोण, हे लेखकाला आधीच माहीत असते. रस्त्यावर ते कोणालाच आधी माहीत नसते, म्हणून तर न्यायालये आहेत.